माणिकबाग : एका जर्मन वास्तुकार घराण्याची मराठी वास्तू

होळकरांचा इतिहास मराठीत बहुधा दोन ठिकाणी थांबतो. एक मुक्काम अहिल्याबाईंचा आणि दुसरा पहिल्या यशवंतरावांचा. त्यानंतरची सव्वाशे वर्षे जणू नोंद घेण्याजोगी नाहीत, असा आपला समज दिसतो. विसाव्या शतकातील होळकर आठवलेच, तर ते १९२५ सालच्या बावला खून प्रकरणामुळे. मलबार हिलवरील त्या घटनेने तिसऱ्या तुकोजीरावांना १९२६ मध्ये गादी सोडावी लागली. पुढे त्यांचे पुत्र दुसरे यशवंतराव (१९०८–१९६१) यांनी इंदूरला एक असे घर उभे केले, की ज्याचा उल्लेख आज जागतिक वास्तुकलेच्या इतिहासात आदराने होतो. त्या घराचे नाव माणिकबाग. ते घडविणारा वास्तुकार एकार्ट मुथेसियस (१९०४–१९८९) काम हाती आले तेव्हा जेमतेम पंचविशीत होता. मराठी राजाने एका अननुभवी जर्मन तरुणावर एवढा विश्वास का टाकला, हे समजण्यासाठी त्या तरुणाच्या घराण्याकडे वळावे लागते.

एकार्टचे वडील हेर्मान मुथेसियस (१८६१–१९२७) हे थुरिंगियातील एका गवंड्याचे पुत्र. ऐन तारुण्यात त्यांनी टोकियोत एका जर्मन वास्तुसंस्थेसाठी काम केले. १८९६ ते १९०३ या काळात ते लंडनच्या जर्मन वकिलातीत होते. इंग्रज लोक घरे कशी बांधतात, याचा अभ्यास करून आपल्या सरकारला कळवणे हे त्यांचे काम होते. त्यातून इंग्लिश घराविषयीचा त्यांचा त्रिखंडात्मक जर्मन ग्रंथ १९०४–०५ मध्ये प्रसिद्ध झाला. घर हे प्रथम राहण्यासाठी असते. खिडकी कोठे असावी हे रस्त्यावरून पाहणाऱ्याने नव्हे, तर आत बसणाऱ्याने ठरवावे. उसनी नक्षी म्हणजे सौंदर्य नव्हे, असा या ग्रंथाचा एकूण रोख आहे.

एकार्टची आई आना मुथेसियस या गायिका होत्या. स्त्रियांच्या पोषाखाविषयी त्यांनी १९०३ मध्ये एक पुस्तक लिहिले. शरीर आवळून टाकणारी फॅशन झुगारून स्त्रीने स्वतःच्या देहाला व स्वभावाला साजेसा वेष स्वतः ठरवावा, अशी त्यांची भूमिका होती. पती घराविषयी जे म्हणत होता, तेच पत्नी वस्त्राविषयी म्हणत होती. ग्लासगोचे वास्तुकार चार्ल्स रेनी मॅकिंतॉश या दांपत्याचे स्नेही आणि एकार्टचे धर्मपिता होते. म्हणजे आधुनिकतेचे संस्कार या मुलावर शाळेत जाण्यापूर्वीच झाले होते. खुर्ची, काटाचमचा, दिवा आणि इमारत हे सर्व एकाच विचाराचे अंश असतात, ही गोष्ट त्याला ग्रंथांतून शिकावी लागली नाही.

१९२७ मध्ये बर्लिनला ट्रामच्या अपघातात हेर्मान मुथेसियस वारले. त्यानंतर दोनएक वर्षांतच ऑक्सफर्डला एकार्टची यशवंतरावांशी ओळख झाली. यशवंतराव तेथे क्राइस्ट चर्च महाविद्यालयात शिकत होते. त्यांच्या पत्नी संयोगितादेवी या कागलच्या घाटगे घराण्यातील. १९३० मध्ये यशवंतरावांना राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार मिळाले आणि त्याच सुमारास माणिकबागेचे काम सुरू झाले. ते १९३३ मध्ये पुरे झाले.

संस्थानिकांच्या वाड्यांची जी कल्पना आपल्या मनात असते, तिच्यातले जवळजवळ काहीही येथे नव्हते. घुमट नाहीत, छत्र्या नाहीत, कमानींची गर्दी नाही. सरळ रेषा, सपाट भिंती, धातूच्या चौकटींच्या मोठ्या खिडक्या आणि माळव्यातला पाऊस लक्षात घेऊन केलेले उतरते छप्पर. वातानुकूलनाची सोयही होती. सामानाचा मोठा भाग युरोपात तयार होऊन जहाजाने मुंबईला आला आणि तेथून इंदूरला गेला. अभ्यासिकेतले मेज फ्रेंच कारागीर रुलमान यांचे, धातू आणि काचेचे पलंग सोन्यो व आलिक्स यांचे, गालिचे दा सिल्वा ब्रून्स यांचे, एक आरामखुर्ची आयलीन ग्रे यांची, तर दुसरी ल कॉर्ब्युझिए, जानरे आणि पेरियाँ यांची. ग्रंथालयातील खुर्च्या एकार्टने स्वतः योजल्या. वाचनाचे दिवे त्या खुर्च्यांतच बसवलेले होते. वाचणाऱ्याची सोय आधी पाहणारी ही खुर्ची म्हणजे वडिलांच्या ग्रंथाचाच एक परिच्छेद होय.

येथपर्यंत पुत्राने पित्याचा वारसा चालवला, असे म्हणता येईल. परंतु प्रश्न एवढ्यावर सुटत नाही. हेर्मान मुथेसियस हे १९०७ मध्ये स्थापन झालेल्या ‘वेर्कबुंड’ या संघटनेच्या प्रवर्तकांपैकी एक. कलावंत आणि कारखानदार यांनी मिळून रोजच्या वापरातल्या चांगल्या वस्तू घडवाव्यात, असा तिचा हेतू होता. १९१४ च्या कोलोन येथील सभेत मुथेसियस यांनी वास्तुकलेने प्रमाणबद्ध, पुनःपुन्हा घडवता येतील अशा नमुन्यांकडे वळावे, असे मांडले. आन्री व्हान द व्हेल्ड यांनी त्याला कडाडून विरोध केला. कलावंत हा स्वतंत्र असतो, त्याला साच्यात बसवता येणार नाही, हा त्यांचा पक्ष. या वादात माणिकबाग कोणत्या बाजूला ठेवायची? रूपाने ती पित्याच्या बाजूची. अर्थकारणाने मात्र ती निश्चितपणे व्हान द व्हेल्ड यांच्या बाजूची आहे. एका राजाच्या इच्छेने, संस्थानाच्या तिजोरीवर, एकदाच घडलेली आणि पुन्हा कधी न घडणारी ही वस्तू. बहुतांसाठी कल्पिलेला साधेपणा येथे सर्वांत महागड्या स्वरूपात अवतरला. तो पैसा अखेर माळव्यातील रयतेचा होता, हे विसरून माणिकबागेचे कौतुक करणे अपुरे ठरेल.

तरीही तिला निव्वळ युरोपीय हौस म्हणून बाजूला सारणे मला योग्य वाटत नाही. बेर्नार बूते द मोन्व्हेल या फ्रेंच चित्रकाराने यशवंतरावांची दोन व्यक्तिचित्रे केली. एकात ते काळ्या पाश्चात्त्य पोषाखात आहेत, दुसऱ्यात पांढऱ्या शुभ्र मराठा वेषात. या दोन चित्रांपैकी खरे कोणते, असे विचारण्यात अर्थ नाही. दोन्ही त्यांनी स्वतः निवडली होती. दिल्ली-मुंबईतील इंग्रज सत्ताधाऱ्यांची वास्तुशैली न उचलता थेट बर्लिन-पॅरिसकडे वळणे, यातही मांडलिक राजाच्या स्वातंत्र्याचा एक मर्यादित का होईना, पण अर्थ होता.

१९३७ मध्ये संयोगितादेवींचे स्वित्झर्लंडमध्ये निधन झाले. विशी नुकतीच ओलांडलेली ही राणी गेल्यावर माणिकबागेतला उत्साहच ओसरला. शिल्पकार ब्रांकुशी त्याच वर्षाच्या अखेरीस एका ध्यानमंदिराच्या योजनेसाठी इंदूरला आले होते. ते मंदिर कधी झाले नाही. १९३९ मध्ये महायुद्ध सुरू झाले आणि मुथेसियसचे इंदूरमधील पर्व संपले. युद्धानंतर त्याने बर्लिनमध्येच काम केले. माणिकबागेच्या तोडीची संधी त्याला पुन्हा मिळाली नाही. १९६१ हे वर्ष दोन्ही घरांना एकदमच दुःखाचे ठरले. त्या वर्षी यशवंतराव वारले आणि नव्वदी पार केलेल्या आना मुथेसियसही.

पुढची हकीकत पांगापांगीची आहे. ब्रांकुशींच्या पक्षिशिल्पांपैकी संगमरवरी जोडी, एक पांढरे व एक काळे, आज ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात आहे. ब्राँझचे शिल्प अमेरिकेत पॅसाडेना येथे. फर्निचरचा मोठा भाग १९८० मध्ये मोनॅको येथील लिलावात विकला गेला. इमारत केंद्र सरकारच्या महसूल खात्याकडे गेली आणि तिच्यात कचेऱ्या आल्या. २०१९ मध्ये पॅरिसच्या सजावटकला संग्रहालयाने या राजावर मोठे प्रदर्शन भरवले.

आम्ही शनिवार पेठेतले लोक. शनिवारवाडा १८२८ मध्ये जळाला. उरले आहेत ते तट, दरवाजे आणि जोती. त्या जोत्यांवरून पेशव्यांचे दिवाणखाने कल्पनेने पुन्हा उभे करण्यात आपल्या पिढ्यानपिढ्या रमल्या. माणिकबागेची गोष्ट उलटी आहे. तिच्या भिंती उभ्या आहेत, खोल्यांची छायाचित्रे उपलब्ध आहेत, वस्तू कोणत्या संग्रहालयात आहेत हेही ठाऊक आहे. येथे कल्पनेची नव्हे, अभ्यासाची गरज आहे. होळकर दरबाराची कागदपत्रे आणि मुथेसियसची रेखाटने समोरासमोर ठेवून मराठीत एक साक्षेपी ग्रंथ लिहिला गेला पाहिजे. इंदूरच्या मराठी संस्थांनी आणि आपल्या विद्यापीठांतील इतिहास विभागांनी हे काम हाती घ्यावे. तोवर कागलच्या या लेकीचे आणि होळकरांच्या या वंशजाचे घर आपल्याला पॅरिसच्या प्रदर्शन-सूचीतूनच वाचावे लागेल.