वाशिमची वेलांटी आणि संगणकातील आकडे

समजा, १९९८ साली वाशिम जिल्ह्यातील मालेगावच्या एका शाळेने मराठीची प्रश्नपत्रिका संगणकावर तयार केली. पडद्यावर ती स्वच्छ दिसली. फ्लॉपीवर घेऊन ती अकोल्याला छपाईसाठी नेली, तर कागदावर इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी उमटली! फ्लॉपी बिघडली म्हणावे का? बहुधा नाही. फाईल जशीच्या तशी पोचलेली असे. सोबत जायचा राहिलेला असे तो फॉन्ट.

याचे मूळ असे की, संगणक अक्षरे साठवीत नाही, आकडे साठवतो. कोणत्या आकड्याला कोणते अक्षर समजायचे, हा केवळ संकेत असतो. अमेरिकेत १९६३ साली ‘अ‍ॅस्की’ हा संकेत ठरला. त्यात १२८ जागा होत्या आणि त्या इंग्रजी अक्षरे, अंक, विरामचिन्हे व यंत्राला द्यायच्या सूचना यांनी भरल्या. देवनागरीला जागाच उरली नाही.

मग फॉन्ट तयार करणाऱ्यांनी एक युक्ती केली. इंग्रजी अक्षरांच्याच आकड्यांवर त्यांनी काना, वेलांटी, अर्धी अक्षरे यांची चित्रे बसवली. छपाई सुंदर होऊ लागली. परंतु प्रत्येकाची मांडणी निराळी! त्यामुळे तो फॉन्ट नसलेल्या संगणकाला त्या आकड्यांत इंग्रजी अक्षरेच दिसत.

सर्वांसाठी एकच संकेत हवा, हे आपल्याकडे ओळखले गेले होते. आयआयटी कानपूर येथे सुरू झालेले भारतीय लिप्यांचे काम पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढले आणि १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने ‘इस्की’ हे मानक स्वीकारले. त्याच वर्षी जगातील लिप्यांसाठी ‘युनिकोड’ची पहिली आवृत्ती निघाली. तिच्यातील देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्कीवर आधारलेली आहे. छापखान्यांत मात्र जुने फॉन्ट पुढेही बरीच वर्षे चालू राहिले.

युनिकोडमध्ये ‘वाशिम’ असा साठतो: व २३५७, काना २३६६, श २३५८, वेलांटी २३६७, म २३५०. गंमत पाहा. वेलांटी लिहिताना ‘श’च्या आधी येते, पण साठवताना नंतर, म्हणजे उच्चाराच्या क्रमाने! ती योग्य जागी काढण्याचे काम संगणकाचे. जुन्या फॉन्टमध्ये ती सहसा दिसते त्याच क्रमाने साठवलेली असते. म्हणून जुनी फाईल युनिकोडमध्ये आणताना आकडे बदलून भागत नाही, क्रमही बदलावा लागतो. येथे चूक झाली की वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते.

तेव्हा अशी फाईल हाती आली, तर आधी तिचा फॉन्ट कोणता ते शोधावे. तो मिळाल्यास मजकूर वाचता येतो. न मिळाल्यास जुनी छापील प्रत समोर ठेवून कोणते चिन्ह कोणत्या अक्षरासाठी आहे, याचा तक्ता करावा. नवी फाईल छपाईला देताना युनिकोडमध्ये लिहावी आणि फॉन्ट आत बांधलेली पीडीएफ करून द्यावी.

शाळांच्या हस्तलिखितांचे, स्मरणिकांचे, स्थानिक इतिहासाचे कितीतरी मजकूर अशा जुन्या फाईलींत अडकले आहेत. ते उलगडणारी माणसे आणि पडताळ्यासाठी छापील प्रती हाताशी आहेत, तोवरच हे काम सोपे आहे. वर्गात एक प्रयोग करून पाहावा: दोन गटांनी अक्षरांना आपापले आकडे द्यावेत आणि ‘मालेगाव’ हा शब्द आकड्यांत लिहून एकमेकांना वाचायला द्यावा. मानक कशासाठी लागते, हे वेगळे सांगावे लागणार नाही.