मूकपटाला कोणत्या वेषात जावे?

माढ्यात एखाद्या मूकपटाचा खेळ लावावा आणि प्रेक्षकांनी जुन्या काळच्या वेषात यावे, अशी कल्पना मध्यंतरी आमच्यापुढे आली. पगडी, उपरणे, शालू, नथ अशी यादीही झाली. ती वाचताना प्रश्न पडला, की हा वेष नेमका कोणाचा?

३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. त्यातील तारामती अण्णा साळुंके या पुरुष नटाने साकारली. ‘लंकादहन’मध्ये (१९१७) राम आणि सीता या दोन्ही भूमिका त्यांच्याच होत्या. तेथे वेषच पात्र घडवीत होता. मात्र मुकुट आणि भरजरी वस्त्रे ल्यालेली ती माणसे समोर बसलेल्या प्रेक्षकासारखी दिसत नव्हती.

हे अंतर बाबूराव पेंटर यांनी १९२५ साली तोडले. ना. ह. आपटे यांच्या कथेवरील ‘सावकारी पाश’ कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने काढला. त्यातील तरुण शेतकरी होते व्ही. शांताराम. सावकाराच्या कपटाने जमीन जाते आणि शेतकरी शहरात गिरणी कामगार होतो, एवढीच गोष्ट. पण तिचा नायक देव नव्हता, राजाही नव्हता.

माढ्याला ही गोष्ट परकी नाही. १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव करून कर्जरोखे जाळले. त्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला, तो आरंभी चार जिल्ह्यांना लागू होता : पुणे, सातारा, नगर आणि सोलापूर. आमच्या भागातील कर्जबाजारी कुणबी कायद्याच्या पुस्तकात आला, त्याला ‘सावकारी पाश’ निघेपर्यंत सेहेचाळीस वर्षे लोटली होती. सोलापुरात कापडगिरण्याही एकोणिसाव्या शतकातच उभ्या राहिल्या होत्या. जमीन सुटलेल्याला गिरणीचा रस्ता ठाऊक होता.

म्हणून आमच्या यादीत आम्ही आणखी एक नोंद केली : जाडेभरडे धोतर, बंडी आणि मुंडासे. ते नेसून ‘सावकारी पाश’ पाहण्याचा योग मात्र येणार नाही. त्या मूकपटाची प्रत आज उपलब्ध नाही; पेंटरांनी १९३६ साली त्याच कथेवर बोलपट काढला, तो वेगळा. खेळ लावायचा झाला, तर बऱ्याच अंशी जपल्या गेलेल्या ‘कालिया मर्दन’चा (१९१९) लावावा लागेल. मुंडासेवाल्याने त्या दिवशी पडद्यावर कृष्णच पाहायचा.