हापूसचे कलम आणि आनुवंशिकीची मूलतत्त्वे

विजयदुर्ग खाडीच्या वरच्या टोकाशी वसलेले खारेपाटण इतिहासाच्या अभ्यासकांना शिलाहार राजा रट्टराज याच्या शके 930, म्हणजे इ.स. 1008 च्या ताम्रपटामुळे परिचित असून, सणफुल्लापासून रट्टराजापर्यंतच्या दहा पिढ्यांची वंशावळ त्यात नोंदलेली आहे. याच मुलखात पुढे बहरलेल्या हापूसच्या बागांचा वंशक्रम मात्र निराळ्या नियमाने चालत आला. सजीवांचे गुण पुढच्या पिढीत कसे उतरतात हे सांगणारे शास्त्र, म्हणजे आनुवंशिकी, शिकणाऱ्या विद्यार्थ्याला त्याच्याइतके जवळचे उदाहरण क्वचितच सापडेल.

हापूसचा बाठा रुजवला तर उगवणारे झाड हापूसचे नसते. ते रायवळ ठरते. आंब्याच्या पेशीत 40 गुणसूत्रे, म्हणजे जनुके वाहून नेणारे डीएनएचे धागे, जोडीजोडीने असतात. परागकण व अंडपेशी तयार होताना अर्धसूत्री विभाजनाने प्रत्येक जोडीतील एकच धागा पुढे जातो, आणि फलनानंतर दोन्ही पालकांचे अंश मिळून नवी जुळणी होते. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी गोव्यात रुजवल्याचे मानले जाणारे कलमाचे तंत्र ही फेरजुळणी टाळते. रायवळाच्या खुंटावर बांधलेली हापूसची काडी केवळ सूत्री विभाजनाने, म्हणजे पेशीतील सर्व गुणसूत्रांची प्रत काढून वाढते, म्हणून मूळ झाडाचा जनुकसंच जवळजवळ जसाच्या तसा टिकतो. मेंडेलने वाटाण्यावरील निष्कर्ष 1866 मध्ये प्रसिद्ध केले, त्याच्या कितीतरी आधी कोकणातील बागाइतदार हे तत्त्व हाताने पाळत होते.

तथापि जे टिकते त्यात दोषही टिकतात. गरात होणारा साका, म्हणजे गराचा स्पंजासारखा बिघाड, आणि वर्षाआड येणारे पीक यांवर उपाय म्हणून वेंगुर्ले येथील संशोधन केंद्राने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून ‘रत्ना’ ही जात 1981 मध्ये, तर रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर करून पातळ कोयीची ‘सिंधू’ 1992 मध्ये दिली. संकरित संततीचा मूळ पालकाशी पुन्हा केलेला असा संकर प्रतीपसंकर म्हणवला जातो, आणि त्यामुळे सिंधूच्या वारशात सरासरी तीन चतुर्थांश वाटा हापूसचा येतो.

रेणवीय जीवशास्त्र याच प्रश्नाचा पेशीच्या आत जाऊन शोध घेते. जनुकातील मजकुराची आरएनएवर नक्कल होते, त्या नकलेवरून प्रथिन बनते, आणि विकर नावाची प्रथिने रासायनिक क्रिया घडवतात. हापूसच्या सुगंधातील फ्युरॅनिऑल हा घटक बनवणारे असेच एक विकर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी ओळखून 2013 मध्ये प्रसिद्ध केले. पानात आणि फळात जनुके तीच असली तरी पिकत्या फळाचा सुगंध पानाला येत नाही, कारण कोणते जनुक कुठे, केव्हा आणि किती प्रमाणात कार्यरत व्हावे याचेही नियमन होते. म्हणून वारसा समजण्यासाठी जनुके कशी उतरली हे जाणणे जितके आवश्यक, तितकेच ती केव्हा व्यक्त होतात हे जाणणेही आवश्यक ठरते.