चारसूत्री भातशेती
उत्पन्न आणि जमीन-पाण्याची निगा एकत्र साधणारी, डॉ. एन. के. सावंत यांनी मांडलेली भातलागवड पद्धत. टेमघर-भिवंडीसह ठाण्याच्या भातपट्ट्याला ती विशेष लागू पडते. कारण मुसळधार पावसात फोकून टाकलेला युरिया बराचसा वाया जातो, शेतकऱ्याचा खर्च बुडतो आणि ओढ्याचे पाणीही बिघडते. रोपवाटिकेत तुसाची राख, चिखलणीत गिरिपुष्पाचा पाला, २५ व १५ सेंमी. अंतरांवर नियंत्रित लावणी आणि दर चार चुडांमध्ये ७ ते १० सेंमी. खोल खोचलेली २.७ ग्रॅमची युरिया-डीएपी गोळी, ही तिची सूत्रे. गोळ्या खोचायला मजुरी वाढते, हा आक्षेप खरा आहे. गोदामांकडे मजूर वळलेल्या भिवंडीत तर अधिकच. मात्र खत एकदाच घालावे लागते, पिकाला ते सावकाश मिळत राहते, आणि पाला बांधावरच पिकवता येतो. बाहेरून खत विकत आणायची गरज त्यामुळे घटते.