विकास-स्थगिती (वारसा क्षेत्र)

विकास-स्थगिती म्हणजे एखाद्या नगराच्या ऐतिहासिक भागात नवे बांधकाम, जुन्या वास्तूंचे पाडकाम किंवा जमिनीच्या वापरातील बदल यांना ठरावीक मुदतीसाठी दिलेला विराम होय. त्या भागातील वास्तूंची मोजणी, यादी व नियमावली तयार होईपर्यंत मूळ वस्तूच नष्ट होऊ नये, हा या उपायाचा हेतू असतो. स्थगिती हे स्वतः संरक्षण नसून संरक्षणाचा निर्णय घेण्यासाठी मिळविलेला अवधी आहे. भारतीय नगररचना कायद्यांत या नावाची स्वतंत्र तरतूद सहसा आढळत नाही. मात्र स्मारकविषयक कायदे, विकास आराखडे, वारसा नियमावली आणि न्यायालयीन आदेश यांतून हाच परिणाम साधला जातो. वऱ्हाडातील अमरावती, अकोला, अचलपूर व कारंजा यांसारख्या जुन्या परकोटबंद नगरांच्या संदर्भात हा विषय विशेष महत्त्वाचा ठरतो.

== संकल्पना ==

एखाद्या जुन्या पेठेला वारसा क्षेत्र घोषित करण्याचा विचार सुरू झाल्याची वार्ता पसरली की, नियम लागू होण्यापूर्वीच बांधकाम उरकून घेण्याची घाई सुरू होण्याचा संभव असतो. सर्वेक्षणाला महिने किंवा वर्षे लागतात. वाडा पाडण्यास काही दिवस पुरतात. परवानगी नाकारण्यास पुढे कायदेशीर आधार मिळाला, तरी पाडलेली वास्तू परत येत नाही. या विषमतेवर उपाय म्हणून विचाराधीन काळात परिस्थिती जैसे थे ठेवण्याची पद्धत रूढ झाली.

स्थगिती आणि कायमचा निर्बंध यांत मूलभूत फरक आहे. स्थगितीला मुदत असते, तिच्या काळात करावयाचे काम ठरलेले असते आणि मुदतीअखेर निश्चित निर्णय अपेक्षित असतो. कायमच्या निर्बंधात हे तिन्ही घटक नसतात; तेथे नियम हाच अंतिम निर्णय असतो. व्यवहारात मात्र निर्णय लांबत गेल्यास स्थगितीला निर्बंधाचे रूप येते. या विषयावरील बहुतेक वाद येथूनच उद्भवतात.

== अन्य देशांतील प्रथा ==

अमेरिकेतील चार्ल्सटन नगराने १९३१ मध्ये ऐतिहासिक भागासाठी स्वतंत्र नगरनियम केला. तो त्या देशातील अशा प्रकारचा पहिला नियम मानला जातो. फ्रान्समध्ये ४ ऑगस्ट १९६२ रोजी झालेला कायदा तत्कालीन सांस्कृतिक मंत्री आंद्रे मालरो यांच्या नावाने ओळखला जातो. या कायद्याने संपूर्ण जुन्या वस्त्यांना संरक्षित क्षेत्राचा दर्जा देण्याची सोय केली. क्षेत्राचा आराखडा तयार होत असताना बांधकामाच्या अर्जावरील निर्णय कमाल दोन वर्षे राखून ठेवण्याची तरतूद फ्रेंच व्यवस्थेत आहे. ब्रिटनमध्ये यादीत नसलेल्या, परंतु धोक्यात आलेल्या इमारतीसाठी स्थानिक संस्था संरक्षण-सूचना काढू शकते. या सूचनेचा अंमल सहा महिने राहतो. त्या काळात इमारत यादीत समाविष्ट झाली नाही, तर झालेल्या हानीची भरपाई मालकाला मागता येते.

स्थगितीमुळे मालमत्तेच्या हक्कावर गदा येते काय, या प्रश्नाचा ऊहापोह अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये टाहो सरोवराच्या प्रकरणात केला. हे प्रकरण वारशाचे नसून सरोवराच्या पाण्याच्या शुद्धतेचे होते. एकूण ३२ महिने चाललेली बांधकामबंदी केवळ बंदी होती म्हणून भरपाईस पात्र ठरत नाही, असा निर्णय बहुमताने देण्यात आला. नियोजनासाठी घेतलेला वाजवी अवधी आणि मालमत्तेचे अपहरण यांत न्यायालयाने भेद केला.

== भारतीय कायदेशीर चौकट ==

भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद ४९ नुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांचे रक्षण हे राज्याचे कर्तव्य आहे, तर अनुच्छेद ५१-क नुसार संमिश्र संस्कृतीच्या समृद्ध वारशाची जपणूक हे नागरिकांचे मूलभूत कर्तव्य आहे. दुसरीकडे, १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनंतर मालमत्तेचा हक्क मूलभूत राहिला नसला, तरी अनुच्छेद ३००-क नुसार कायद्याच्या आधाराशिवाय कोणाचीही मालमत्ता हिरावून घेता येत नाही. त्यामुळे कोणत्याही स्थगितीस कायद्याचा आधार असावा लागतो.

=== स्मारकविषयक कायदे ===

प्राचीन स्मारके आणि पुरातत्त्वीय स्थळे व अवशेष अधिनियम, १९५८ हा केंद्रीय कायदा आहे. १६ जून १९९२ च्या अधिसूचनेने संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंतचे क्षेत्र प्रतिबंधित आणि त्यापुढील २०० मीटरचे क्षेत्र नियंत्रित ठरविण्यात आले. प्रतिबंधित क्षेत्रात तज्ज्ञ समितीच्या शिफारशीने दिलेल्या परवानग्या दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये अवैध ठरविल्या. त्यानंतर २०१० मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन ही अंतरे मूळ कायद्यातच समाविष्ट झाली आणि राष्ट्रीय स्मारक प्राधिकरण स्थापन करण्याची तरतूद झाली. प्रतिबंधित क्षेत्रात नवे बांधकाम करता येत नाही. १६ जून १९९२ पूर्वीच्या इमारतींच्या दुरुस्तीस मात्र परवानगी मिळू शकते. निर्बंधाचा भंग करून बांधकाम केल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. प्रत्येक स्मारकासाठी स्वतंत्र वारसा उपविधी करण्याची तरतूदही याच दुरुस्तीने केली.

राज्य संरक्षित स्मारकांसाठी महाराष्ट्रात १९६० चा स्वतंत्र अधिनियम आहे. त्याची अंमलबजावणी राज्याचे पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय करते.

=== नगररचना कायदा ===

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २२ नुसार ऐतिहासिक, नैसर्गिक वा वास्तुशास्त्रीय महत्त्वाच्या स्थळांचे जतन हा विकास आराखड्याचा विषय होऊ शकतो. परवानगी देताना नियोजन प्राधिकरणाने केवळ मंजूर आराखड्याचाच नव्हे, तर प्रारूप आराखड्यातील प्रस्तावांचाही विचार करावा, असे कलम ४६ सांगते. परिणामी, आराखडा अंतिम होण्यापूर्वीच त्यातील प्रस्तावांना काही अंशी बळ प्राप्त होते. दिलेली परवानगी रद्द करण्याचा किंवा तीत बदल करण्याचा अधिकार कलम ५१ मध्ये आहे. मात्र त्याआधी संबंधितास आपली बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते आणि झालेल्या खर्चाच्या भरपाईचा प्रश्न उद्भवतो.

=== वारसा यादी ===

केंद्र शासनाच्या २०१६ च्या आदर्श इमारत उपविधींमध्ये एक महत्त्वाची तरतूद आहे. प्रसिद्ध झालेली, परंतु मंजुरीच्या प्रतीक्षेत असलेली प्रारूप वारसा यादी ही मधल्या काळात वारसा यादीचाच भाग मानावी आणि बांधकाम परवानग्यांचा विचार त्यानुसार करावा, असे ती सांगते. सरसकट बंदी न घालता यादीतील वास्तूंपुरतीच सावधगिरी बाळगण्याचा हा मार्ग होय. आदर्श उपविधी मार्गदर्शक स्वरूपाचे असून त्यांचा स्वीकार राज्यांवर अवलंबून असतो.

== भारतातील उदाहरणे ==

* मुंबई : बृहन्मुंबईसाठीची वारसा नियमावली १९९५ मध्ये लागू झाली. अशा प्रकारची ती देशातील आरंभीची नियमावली होय. वास्तूंची तीन श्रेणींत विभागणी, वारसा क्षेत्रांची स्वतंत्र नोंद आणि मुंबई वारसा संवर्धन समितीची रचना ही तिची वैशिष्ट्ये होत. विकासहक्क गमावणाऱ्या मालकांसाठी हस्तांतरणीय विकासहक्काचा मार्गही तिने खुला केला. २०१२ मध्ये यादीचा विस्तार प्रस्तावित झाला, तेव्हा दादर-शिवाजी पार्क परिसरातील अनेक रहिवाशांनी पुनर्विकास रखडण्याच्या भीतीने त्यास हरकत घेतली.
* पुणे : १७३२ मध्ये बांधून झालेल्या शनिवारवाड्याभोवतीच्या १०० मीटर क्षेत्रात अनेक जुने वाडे येतात. मोडकळीस आलेल्या वाड्यांची पुनर्बांधणी करता येत नाही, ही तेथील रहिवाशांची दीर्घकालीन तक्रार आहे.
* चंदीगड : सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२३ रोजी दिलेल्या निर्णयात नगराच्या पहिल्या टप्प्यातील (सेक्टर १ ते ३०) निवासी घरांचे मजलेनिहाय सदनिकांत रूपांतर करण्यास मनाई केली. या भागातील घनतेचा प्रश्न वारसा संवर्धन समितीकडे सोपविण्यात आला आणि तोवर अशा रूपांतराचे नकाशे मंजूर करू नयेत, असे प्रशासनास सांगण्यात आले. निर्णय होईपर्यंत विराम, या तत्त्वाचे हे अलीकडचे ठळक उदाहरण होय.

== वऱ्हाडातील नगरे ==

=== अमरावती ===

अमरावतीच्या जुन्या वस्तीभोवतीच्या दगडी परकोटाचे काम निजामाच्या राजवटीत १८०७ मध्ये सुरू झाले. पेंढाऱ्यांच्या लुटीपासून येथील धनिक व्यापाऱ्यांचे रक्षण करणे हा त्याचा हेतू होता. परकोटाचा घेर सुमारे सव्वादोन मैल (सुमारे ३.६ कि.मी.) असून उंची २० ते २६ फूट होती. त्याला पाच दरवाजे आणि चार खिडक्या, म्हणजे लहान प्रवेशद्वारे, आहेत. अंबागेट, नागपुरी गेट, खोलापुरी गेट, महाजनपुरा गेट व जवाहर गेट ही दरवाजांची प्रचलित नावे असून ती आज भोवतालच्या मोहल्ल्यांचीही नावे झाली आहेत. कापसाच्या व्यापारामुळे १९ व्या शतकात नगराची भरभराट झाली. १९२७ मध्ये मंदिरप्रवेशाच्या सत्याग्रहामुळे गाजलेले अंबादेवीचे मंदिर याच जुन्या भागाच्या लगत आहे. १९८३ मध्ये महानगरपालिका स्थापन झाली, तेव्हा नगराचा विस्तार परकोटापलीकडे कितीतरी पसरला होता. परकोटाचा काही भाग ढासळला असून अनेक ठिकाणी घरे व दुकाने भिंतीला लागून उभी आहेत.

अशा रेषाकृती वास्तूच्या बाबतीत अंतराच्या नियमाचा परिणाम एकट्या इमारतीपेक्षा फार मोठा होतो. एखाद्या छोट्या मंदिराभोवती १०० मीटरचे वर्तुळ काढल्यास सुमारे ३ हेक्टर जागा व्यापली जाते. ३.६ कि.मी. लांबीच्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना १०० मीटरचा पट्टा धरल्यास हेच क्षेत्र सुमारे ७२ हेक्टर होते. घेर वर्तुळाकार मानल्यास आतील वस्तीचा जवळपास एक तृतीयांश भाग त्यात येतो. म्हणून परकोटबंद नगरांत सरसकट अंतराऐवजी वास्तुनिहाय यादी आणि भिंतीलगतचा अरुंद मोकळा पट्टा हा पर्याय अधिक व्यवहार्य ठरू शकतो.

=== अकोला ===

मोर्णा नदीकाठचा असदगड हा किल्ला औरंगजेबाच्या काळात, १६९७ मध्ये, असदखानाच्या अंमलात बांधला गेला. दहीहांडा वेस व अगर वेस ही त्याच्या प्रवेशद्वारांची नावे त्या त्या दिशेच्या गावांवरून पडली. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी झालेल्या अडगावच्या लढाईपूर्वी आर्थर वेलस्लीच्या सैन्याचा तळ अकोल्यास पडला होता. १८७० च्या सुमारास इंग्रजांनी किल्ल्याची तटबंदी पाडली. १९१० च्या जिल्हा गॅझेटियरमध्ये किल्ल्यातील हवाखान्यात शाळा भरत असल्याची नोंद आहे. त्यामुळे अकोल्यात प्रश्न अखंड भिंतीचा नसून सुट्या अवशेषांचा आणि त्यांच्याभोवतीच्या जुन्या वस्तीचा आहे. अवशेष विखुरलेले असताना ते कोठे आहेत याची नोंद हीच संरक्षणाची पहिली पायरी ठरते. नोंद नसलेला बुरूज केवळ दगडांचा ढीग समजून हलविला जाण्याचा धोका असतो.

=== अचलपूर आणि कारंजा ===

अचलपूर ही वऱ्हाडच्या इमादशाहीची राजधानी होती; ही सत्ता १५७४ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीत विलीन झाली. नगराच्या दरवाजांपैकी दुल्हा दरवाजा प्रसिद्ध आहे. वाशीम जिल्ह्यातील कारंजा (लाड) येथे दिल्ली वेस, पोहा वेस, मंगरूळ वेस व दारव्हा वेस या चार वेशी जुन्या व्यापारी मार्गांची साक्ष देतात. या नगरांत वेशी रहदारीच्या रस्त्यांवर असल्याने त्यांच्या जतनाचा प्रश्न रस्तारुंदीशी निगडित आहे.

== परिणाम व आक्षेप ==

स्थगितीचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. दुसरीकडे घर असलेला मालक थांबू शकतो. धाब्याच्या किंवा जुन्या माडीच्या घरात राहणाऱ्या कुटुंबाला मात्र पावसाळ्यापूर्वी छप्पर दुरुस्त करणे अपरिहार्य असते. दुरुस्तीलाही परवानगी लागते अशी समजूत पसरली की घरे तशीच सोडली जातात आणि ज्या वास्तूंच्या रक्षणासाठी स्थगिती दिली, त्याच दुर्लक्षाने कोसळतात. भाडेकरू, वाटण्या आणि वारसनोंदी यांचे वाद असलेल्या वाड्यांत ही अडचण अधिक तीव्र होते.

परवानगीची वाट बंद झाल्यावर विनापरवाना बांधकाम वाढते, असाही आक्षेप घेतला जातो. याउलट, स्थगिती नसल्यास यादी तयार होईपर्यंत यादीत घालण्याजोगे काही उरत नाही, असे संरक्षणाचे पुरस्कर्ते दाखवून देतात. अकोल्याची तटबंदी एकदा पाडली गेल्यावर पुढील कोणत्याही कायद्याला ती परत उभारता आलेली नाही.

== परिणामकारकतेचे निकष ==

फ्रान्स, ब्रिटन व भारतातील तरतुदींवरून स्थगिती परिणामकारक आणि न्याय्य ठरण्यासाठी पुढील बाबी आवश्यक दिसतात :

# मुदत निश्चित असणे आणि ती संपताच स्थगिती आपोआप संपुष्टात येणे.
# क्षेत्राची हद्द नकाशावर, शक्यतो सिटी सर्व्हे क्रमांकांसह, जाहीर होणे.
# मुदतीत करावयाचे काम, म्हणजे सर्वेक्षण, श्रेणीकरण, हरकती व सुनावणी, आधीच ठरलेले असणे.
# दुरुस्ती, शौचालय, पाणीपुरवठा व धोकादायक भागाचा आधार यांना स्पष्ट सूट असणे.
# हानी झालेल्या मालकास भरपाई, हस्तांतरणीय विकासहक्क किंवा करसवलत यांपैकी काही उपलब्ध असणे.

यांपैकी पहिल्या व चौथ्या बाबीचा अभाव असल्यास स्थगितीविषयी रहिवाशांचा विश्वास टिकणे कठीण होते. जुनी पेठ वास्तूंइतकीच तिच्यात राहणाऱ्या माणसांमुळे टिकून असते. त्यामुळे लोकांना तेथे राहणे शक्य ठेवणे हाही वारसा संरक्षणाचाच भाग मानला जातो.