शाईचा पडदा

ई-रीडर घेताना गिऱ्हाईक आधी किंमत विचारतं, मग त्यात किती पुस्तकं मावतात ते. पडद्याकडे लक्ष जातं सगळ्यात शेवटी. या यंत्राचा इतिहास मात्र पडद्याभोवतीच घडला आहे. 1998 मध्ये अमेरिकेत रॉकेट ईबुक आणि सॉफ्टबुक ही एलसीडी पडद्याची वाचनयंत्रं बाजारात आली आणि काही वर्षांतच बंद पडली. पुस्तकांचा तुटवडा हे त्याचं एक कारण होतंच. त्याच सुमारास एमआयटी मीडिया लॅबमधले जोसेफ जेकबसन आणि त्यांचे विद्यार्थी वेगळ्याच वाटेनं निघाले होते. 1997 मध्ये स्थापन झालेल्या त्यांच्या ई इंक कंपनीच्या पडद्यात असंख्य सूक्ष्म कुप्या असतात. प्रत्येक कुपीत पारदर्शक द्रव आणि त्यात विरुद्ध विद्युतभाराचे काळे-पांढरे कण. विद्युतदाब बदलला की एका रंगाचे कण वर येतात, दुसरे तळाशी जातात, आणि दाब काढून घेतला तरी सगळे जागच्या जागी राहतात. म्हणून वीज लागते ती मुख्यतः पान उलटताना. बाहेरचा प्रकाश परतवूनच अक्षर दिसत असल्यानं भर उन्हातही ते पुसट होत नाही.

हा पडदा पहिल्यांदा बाजारात आणला सोनीच्या लिब्रिएनं, एप्रिल 2004 मध्ये, जपानात. पडदा उत्तम होता, पण घेतलेलं पुस्तक 60 दिवसांनी वाचता येईनासं व्हायचं. यंत्र चाललं नाही. नोव्हेंबर 2007 मध्ये त्याच जातीचा पडदा असलेलं, ॲमेझॉन या ऑनलाइन पुस्तक-दुकानाचं किंडल 399 डॉलरला आलं आणि पहिला साठा साडेपाच तासांत संपला. मग यश पडद्याचं की दुकानाचं, असा आक्षेप कुणी घेईल. सुरुवातीच्या खपाचं श्रेय दुकानाला द्यायलाच हवं. पण पुढे त्याच दुकानातली पुस्तकं फोनवर आणि 2010 पासून आयपॅडवरही वाचता येऊ लागली, तीही रंगीत, वेगवान पडद्यावर. तरीही निव्वळ वाचनासाठीचं हे संथ यंत्र आजही बनतं आणि खपतं. पुस्तकं सगळीकडे तीच असताना वेगळं यंत्र टिकतं, ते पडद्यामुळेच.

डोळ्यांना कमी त्रास होतो, हा दावा मात्र जपून करावा. चांगल्या एलसीडीशी तुलना केली तर फरक वाटतो तेवढा स्पष्ट नाही. 2012 पासून ई-रीडरमध्ये दिवेही सर्रास येऊ लागले. ते कडेला बसवलेले असतात, त्यांचा प्रकाश पडद्यावर पडून परततो, आणि उजेड असेल तेव्हा ते बंद ठेवता येतात. या सोयीनं मूळ गुण फारसा बिघडला नाही. रंगाचं तसं नाही. ई इंकच्या कॅलिडो या रंगीत पडद्यात शाईच्या थरावर रंगीत गाळणी बसवलेली असते. ती प्रकाश खाते, त्यामुळे पान करडं दिसतं, दिवा जास्त लावावा लागतो, आणि कॅलिडो 3 मध्ये काळ्या अक्षरासाठी इंचाला 300 ठिपके मिळत असले तरी रंगासाठी 150च उरतात. चित्रकथा वाचणाऱ्याला हा सौदा परवडेल. कादंबरी वाचणाऱ्यानं तो का करावा?

मराठी वाचकाच्या दृष्टीनं ठिपक्यांचा हा हिशेब अधिकच महत्त्वाचा आहे. डिसेंबर 2016 मध्ये किंडलवर मराठी पुस्तकांचा विभाग सुरू झाला. त्यातल्या एखाद्या पुस्तकात ‘राष्ट्र’मधलं ष्ट्र किंवा ‘बुद्धी’तलं द्ध लहान टंकात पाहा. पहिल्या किंडलएवढ्या, म्हणजे इंचाला 167 ठिपक्यांच्या पडद्यावर अशी जोडाक्षरं गिचमिड होतात, 300 वर त्यांची प्रत्येक रेघ सुटी दिसते. अडचण आहे ती जुन्या पुस्तकांच्या स्कॅन केलेल्या पीडीएफची: त्यांतली अक्षरं सहा इंची पडद्यावर बारीक होतात आणि हवी तशी वाढवून ओळी नव्यानं जुळवता येत नाहीत. वाचन मुख्यतः अशा प्रतींचं असेल, तर दहा इंची यंत्र किंवा साधा टॅब्लेट बरा. कथा-कादंबऱ्या वाचायच्या असतील, तर काळा-पांढरा, 300 ठिपक्यांचा, दिवा असलेला पडदा घ्यावा आणि रंगासाठी जादा पैसे मोजू नयेत.