निळ्या टोपीची पाऊणशे वर्षे

दोघांच्या भांडणात तिसऱ्याने पडावे का, हा प्रश्न गावकीत जितका जुना तितकाच राष्ट्रांच्या कारभारातही जुना आहे. दूरच्या मुलखात लढाई पेटली की बलाढ्य देश मध्ये पडतात, पण ते बहुधा स्वतःचा हिशेब मनात ठेवून. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेने या प्रश्नाचे उत्तर वेगळ्या रीतीने शोधले. मध्ये जरूर पडावे. पण दोन्ही बाजूंच्या संमतीने, कोणाचीही कड न घेता, आणि स्वसंरक्षणापलीकडे शस्त्र न उचलता. 1948 पासून आजवर 70हून अधिक मोहिमा आणि 20 लाखांहून अधिक स्त्री-पुरुषांची सेवा या उत्तरामागे उभी आहे. या वाटेवर 4,400हून अधिक जणांनी प्राण दिले.

प्रारंभ अगदी साधा होता. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत ‘शांतिसेना’ हा शब्दच नाही. सदस्य देशांनी सुरक्षा परिषदेच्या हाती कायमचे सैन्य द्यावे, अशी सनदेची कल्पना होती. महासत्तांच्या वितुष्टात ती कागदावरच राहिली. 29 मे 1948 रोजी सुरक्षा परिषदेने पॅलेस्टाइनमधील युद्धविरामावर देखरेख ठेवण्याचा ठराव केला आणि जून महिन्यात 36 लष्करी निरीक्षकांची पहिली तुकडी पश्चिम आशियात पोहोचली. अंगावर आपापल्या देशाचा गणवेश, दंडाला संयुक्त राष्ट्रांची पट्टी, आणि शस्त्र एकही नाही. 6 जुलैला निरीक्षकांपैकी फ्रान्सचे मेजर रने लाबारिएर मारले गेले. 17 सप्टेंबरला संयुक्त राष्ट्रांचे मध्यस्थ काउंट फोल्के बर्नादोत यांची जेरुसलेममध्ये हत्या झाली. त्यांचे सहकारी राल्फ बंच यांनी अपुरे राहिलेले काम पुढे नेले आणि 1949 मध्ये इस्रायल व अरब देशांत शस्त्रसंधीचे करार घडवून आणले. या कामगिरीबद्दल त्यांना 1950 चे शांततेचे नोबेल मिळाले. त्याच सुमारास, जानेवारी 1949 मध्ये, निरीक्षकांचे दुसरे पथक जम्मू-काश्मीरमध्ये दाखल झाले.

याच काळात कोरियातही एक धडा गिरवला गेला आणि त्याचा महाराष्ट्राशी जवळचा संबंध आहे. 1953 च्या शस्त्रसंधीनंतर मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या 22 हजारांहून अधिक युद्धकैद्यांचा प्रश्न उरला होता. त्यासाठी नेमलेल्या तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्षपद भारताचे जनरल थिमय्या यांच्याकडे आले. कैद्यांच्या राखणीसाठी गेलेल्या भारतीय तुकडीचे प्रमुख होते कोल्हापूरचे मेजर जनरल एस. पी. पी. थोरात. ही तुकडी निळ्या झेंड्याखालची नव्हती, पण काम त्याच जातीचे होते. दक्षिण कोरियाच्या सरकारने भारतीय जवानांना आपल्या भूमीवर पाय ठेवू दिला नाही, म्हणून त्यांना जहाजांवरून हेलिकॉप्टरने उचलून थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवावे लागले. एकदा चिनी कैद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्याला आपल्या कुंपणाच्या आत डांबले. तेव्हा थोरात स्वतः त्या गराड्यात गेले आणि गोळी न झाडता त्याला सोडवून आणले. परक्या मुलखात बंदुकीआधी धीर कामाला येतो, हे त्या दिवशी दिसले.

शांतिसेना म्हणून जिला ओळखले जाते, ती उभी राहिली 1956 मध्ये. इजिप्तने सुएझ कालव्याचे राष्ट्रीयीकरण केले आणि ऑक्टोबरअखेर इस्रायल, ब्रिटन व फ्रान्स या तिघांनी इजिप्तवर हल्ला चढवला. सुरक्षा परिषदेत ब्रिटन व फ्रान्सने नकाराधिकार वापरला, तेव्हा प्रश्न आमसभेकडे गेला. कॅनडाचे परराष्ट्रमंत्री लेस्टर पिअर्सन यांनी आंतरराष्ट्रीय फौजेची कल्पना मांडली. सरचिटणीस डाग हॅमरशोल्ड यांना 48 तासांत आराखडा द्यायचा होता आणि तो त्यांनी दिला. 15 नोव्हेंबरला पहिली तुकडी इजिप्तमध्ये उतरली. भारतासह 10 देशांनी सैनिक दिले. महासत्तांना कटाक्षाने दूर ठेवले गेले. आणलेले सैनिक ओळखायचे कसे, ही अडचण होती. पुरेशा निळ्या टोप्या शिवायला वेळ नव्हता, म्हणून अमेरिकी हेल्मेटांच्या आतल्या कवचांवर निळा रंग फवारून ती वाटण्यात आली. ‘निळे हेल्मेट’ हे नाव त्या घाईतून आले. कॅनडाने देऊ केलेल्या पलटणीचे नाव होते ‘क्वीन्स ओन रायफल्स’. काल आपल्यावर चाल करून आलेल्या ब्रिटिशांसारखेच नाव आणि तसाच पेहराव पाहून इजिप्तने ती नाकारली. मध्ये पडणारा कोण आहे, हे मध्ये पडण्याइतकेच महत्त्वाचे असते, हा धडा संस्थेने पहिल्याच वर्षी घेतला. सुमारे 6,000 सैनिकांच्या या फौजेने सीमा 10 वर्षांहून अधिक काळ शांत ठेवली. मे 1967 मध्ये इजिप्तने ती परत पाठवली आणि जूनमध्ये युद्ध पेटले. त्या युद्धाच्या आरंभी गाझात असलेले काही भारतीय जवानही मारले गेले.

1960 च्या जुलैमध्ये काँगोची हाक आली. स्वातंत्र्य मिळून दोन आठवडेही झाले नव्हते, तोच लष्करात बंड झाले, बेल्जियमच्या फौजा परतल्या आणि खनिजांनी समृद्ध असलेला कटांगा प्रांत फुटून निघाला. चार वर्षे चाललेल्या या मोहिमेत एका वेळी सुमारे 20,000 सैनिक तैनात होते. तीत संयुक्त राष्ट्रांची सुमारे 250 माणसे गेली. 18 सप्टेंबर 1961 रोजी खुद्द हॅमरशोल्ड काँगोच्या सीमेपलीकडील एंडोलाजवळ विमान अपघातात मृत्यू पावले. 5 डिसेंबर 1961 रोजी कटांगातील एलिझाबेथव्हिल येथे भारताच्या गोरखा रायफल्सचे कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया यांनी रस्ता अडवून बसलेल्या कटांगाच्या सैनिकांवर थोडक्या जवानांसह चढाई केली आणि ते धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र देण्यात आले. काँगो एकसंध राहिला. पण या मोहिमेने संस्थेची तिजोरी रिकामी केली. सोव्हिएत संघ आणि फ्रान्सने आपला वाटा देण्यास नकार दिला. थकबाकीदाराचा मताधिकार काढावा की नाही, या वादात 1964 चे आमसभेचे अधिवेशन मतदान न घेताच चालवावे लागले.

पुढची 25 वर्षे मोहिमा मोजक्याच होत्या. त्यांतल्या प्रमुख म्हणजे 1964 मध्ये सायप्रस, 1973 मध्ये सिनाई, 1974 मध्ये गोलान आणि 1978 मध्ये दक्षिण लेबनॉन. सायप्रसच्या फौजेचे पहिले दोन सेनापती भारतीय होते, जनरल ग्यानी आणि जनरल थिमय्या. थिमय्या 18 डिसेंबर 1965 रोजी निकोसियातच कर्तव्यावर असताना निवर्तले. सायप्रसने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. 1988 मध्ये शांतिसेनेला नोबेल शांतता पारितोषिक मिळाले. लगोलग नामिबियाने तिची कसोटी घेतली. एप्रिल 1989 मध्ये मोहीम सुरू होण्याच्या दिवशीच रक्तपात झाला, पण फौजेने घडी मोडू दिली नाही. मार्ट्टी आहतिसारी यांच्या प्रशासनाखाली आणि जनरल प्रेमचंद यांच्या सेनापतीपदाखाली नोव्हेंबरमध्ये निवडणूक झाली आणि 21 मार्च 1990 रोजी देश स्वतंत्र झाला. कंबोडिया, मोझांबिक आणि एल साल्वाडोर येथेही युद्धानंतरचे करार प्रत्यक्षात उतरले.

शीतयुद्ध संपले तसे सुरक्षा परिषदेत मोहिमांचे ठराव भराभर होऊ लागले. 1993 पर्यंत निळ्या हेल्मेटांची संख्या 70,000च्या वर गेली. काम मात्र बदलले होते. युद्ध थांबल्यावर राखण करायची सवय असलेल्या फौजेला आता युद्ध चालू असतानाच उतरवले जाऊ लागले. जून 1993 मध्ये सोमालियात एका दिवशी 24 पाकिस्तानी जवान मारले गेले. एप्रिल 1994 मध्ये रवांडात 10 बेल्जियन सैनिकांच्या हत्येनंतर बेल्जियमने आपली तुकडी काढून घेतली आणि परिषदेने उरलेली मोहीम 270 माणसांवर आणली. मोहिमेचे सेनापती, कॅनडाचे जनरल रोमिओ डालेर कुमक मागत राहिले. सुमारे 100 दिवसांत 8 लाखांच्या आसपास लोकांची कत्तल झाली.

युगोस्लाव्हियातील मोहिमेचे पहिले सेनापती होते लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार. मराठा लाइट इन्फंट्रीत घडलेल्या या अधिकाऱ्याने मार्च 1992 ते मार्च 1993 हे वर्ष तेथे काढले आणि मुदतवाढ नाकारली. पुढे परिषदेने बोस्नियातील स्रेब्रेनिकासह काही गावे ‘सुरक्षित क्षेत्रे’ म्हणून जाहीर केली. त्यांच्या रक्षणासाठी 34,000 सैनिक लागतील, असा लष्करी अंदाज होता. मंजूर झाले सुमारे 7,600. जुलै 1995 मध्ये स्रेब्रेनिका पडले आणि सुमारे 8,000 मुस्लिम पुरुष व मुलगे मारले गेले. ठरावात शब्द मोठे आणि हाती माणसे थोडी, ही त्या काळाची खरी चूक होती.

संस्थेचे मोठेपण असे की, या चुका तिने झाकून ठेवल्या नाहीत. 1999 मध्ये स्रेब्रेनिका आणि रवांडा या दोन्हींवरील चौकशी अहवाल प्रसिद्ध झाले. तेव्हाचे सरचिटणीस कोफी अन्नान कत्तलींच्या काळात शांतिसेना विभागाचेच प्रमुख होते. त्यांनी अपयश मान्य केले. ऑगस्ट 2000 मध्ये अल्जीरियाचे लखदर ब्राहिमी यांच्या समितीने सडेतोड शिफारशी केल्या. माणसे आणि साधने हाती येईपर्यंत मोहिमेचा ठराव पक्का करू नये, आणि परिषदेला ऐकायला आवडेल ते नव्हे, तर जे सांगणे गरजेचे आहे तेच सचिवालयाने सांगावे, असे समितीने बजावले. सामान्य नागरिकांचे रक्षण हा यापुढे मोहिमांच्या जबाबदारीचा भाग ठरला.

याच सुमारास सिएरा लिओनमध्ये या नव्या रीतीची परीक्षा झाली. काइलाहुनमध्ये दोनशेहून अधिक भारतीय जवान बंडखोरांच्या वेढ्यात अडीच महिने अडकले होते. जुलै 2000 मध्ये मेजर जनरल विजय जेटली यांच्या नेतृत्वाखाली ‘ऑपरेशन खुकरी’ झाले आणि वेढा फोडून त्यांना बाहेर काढण्यात आले. पुढे मोहिमेची ताकद 17,500पर्यंत वाढवण्यात आली. 75 हजारांच्या आसपास लढवय्यांनी शस्त्रे खाली ठेवली, 2002 मध्ये निवडणूक झाली आणि 2005 अखेर काम पुरे करून फौज परतली. शेजारच्या लायबेरियात जानेवारी 2007 मध्ये भारताने महिलांचे स्वतंत्र पोलीस पथक पाठवले. राजधानी मोनरोव्हियाच्या रस्त्यांवर रात्री गस्त घालणाऱ्या या महिलांना पाहून तेथील मुलींनी पोलीस दलाची वाट धरली. 2016 पर्यंत हे पथक तेथे होते.

या वाटचालीत काळ्या नोंदीही आहेत. 2010 मध्ये हैतीत पसरलेला कॉलरा शांतिसैनिकांच्या एका छावणीतून नदीत गेलेल्या सांडपाण्याने आला. त्यात हजारो माणसे दगावली. संयुक्त राष्ट्रांनी माफी मागितली ती 2016 च्या डिसेंबरात. मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात सैनिकांवर लैंगिक अत्याचाराचे आरोप झाले. त्यानंतर 2016 मध्ये परिषदेने अशा तुकड्या सरसकट परत पाठवण्याची तरतूद केली. ज्यांच्या रक्षणासाठी गेलो त्यांच्यावरच हात उचलला गेला, हा कलंक पुसायला ठराव पुरत नाहीत, शिस्त लागते.

आजचे मैदान आणखी कठीण आहे. पूर्व काँगोत 2013 मध्ये चढाई करणारी खास ब्रिगेड नेमली गेली आणि एम-23 बंडखोरांचा त्या वर्षी पाडाव झाला. जानेवारी 2025 मध्ये त्यांनी गोमा शहर पुन्हा घेतले. मालीत 10 वर्षांत 300हून अधिक माणसे गमावल्यानंतर तेथील सरकारने सांगताच डिसेंबर 2023 मध्ये फौज निघाली. लेबनॉनमधील मोहीम 2026 अखेर थांबवण्याचा निर्णय परिषदेने ऑगस्ट 2025 मध्ये घेतला. मोठ्या देशांची वर्गणी थकल्याने 2025 च्या ऑक्टोबरात एकूण बळात सुमारे चतुर्थांश कपात जाहीर झाली. भारत, नेपाळ, बांगलादेश आणि रवांडा हे देश सातत्याने सर्वाधिक माणसे देतात. भारताने आजवर अडीच लाखांहून अधिक जवान पाठवले आणि सुमारे 180 गमावले. इतकी मोठी किंमत दुसऱ्या कोणत्याही देशाने मोजलेली नाही. 2000 पासून दिल्लीत या कामाचे प्रशिक्षण देणारे केंद्रही चालते.

मग तिसऱ्याने मध्ये पडावे का? अमेरिकी अभ्यासक व्हर्जिनिया पेज फोर्टना यांनी 2008 च्या आपल्या पुस्तकात यादवी युद्धांची तपासणी करून दाखवले की, शांतिसेना असेल तेथे युद्ध पुन्हा पेटण्याची शक्यता लक्षणीय घटते. पाऊणशे वर्षांचा अनुभवही हेच सांगतो. मध्ये पडणाऱ्याचा स्वार्थ नसेल, लढणाऱ्यांना थांबायचे असेल आणि पाठवणारे अर्ध्या वाटेत हात आखडता घेणार नसतील, तर ही सेना कामाची ठरते. यातले एक जरी चुकले, तरी निळा रंग कोणाला वाचवत नाही.

सायप्रसमधील निकोसिया शहराच्या मधून आजही एक रेषा जाते. 1963 च्या डिसेंबरात एका ब्रिटिश अधिकाऱ्याने नकाशावर हिरव्या पेन्सिलीने ती ओढली. जुन्या गल्ल्यांमध्ये या रेषेभोवतीचा पट्टा कुठेकुठे तीन-चार मीटर रुंद आहे. त्यात पडक्या घरांच्या खिडक्यांत वाळूची पोती रचलेली आहेत आणि बंद पडलेल्या विमानतळावर एक जुने प्रवासी विमान गंजत उभे आहे. पट्ट्यातील शेतकऱ्याला पेरणीला जायचे तर शांतिसैनिकांची परवानगी लागते. 1964 च्या मार्चमध्ये परिषदेने ही फौज नेमली ती तीन महिन्यांसाठी. ती अजून तिथेच आहे.